विश्लेषण : काचबंद गॅलरीत कोणते फर्निचर टिकते? आणि कोणते धोक्याचे ठरते?

गॅलरीला सरकत्या काचा बसवल्या की कबुतरे, धूळ आणि पावसाची झड एका दमात बाहेर राहते. घरात एक लहानशी खोली वाढल्यासारखे वाटते आणि तिच्यासाठी सोफा, वेताच्या खुर्च्या, टांगता झोपाळा यांचा शोध सुरू होतो. मोबाइलवर त्यासाठी जी देखणी छायाचित्रे समोर येतात, ती बहुतेक युरोपातल्या ‘कॉन्झर्व्हेटरी’ची असतात. ती पाहून घेतलेले फर्निचर पहिल्या उन्हाळ्यात विटते आणि पहिल्या पावसाळ्यात फुगते. पैसे वाया जातातच. पण चुकीच्या जागी ठेवलेले एखादे साधे स्टूलही इथे जिवावर बेतू शकते.

कॉन्झर्व्हेटरी आणि आपली गॅलरी यांत फरक काय?

कॉन्झर्व्हेटरी म्हणजे घराला जोडलेली काचेची खोली. थंड देशांत संत्री-लिंबाची झाडे हिवाळ्यात जगवण्यासाठी श्रीमंतांनी बांधलेल्या काचगृहांतून ती पुढे आली. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरील अबकारी कर रद्द झाला, काच स्वस्त झाली, आणि १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी उभारलेल्या ‘क्रिस्टल पॅलेस’ने काचेच्या वास्तूंचे वेड आणखी वाढवले. पुढे मध्यमवर्गीय घरांतही काचेची खोली आली. तिचा हेतू एकच होता : मिळेल तेवढे ऊन आत घेणे.

त्या उन्हाची किंमत आकड्यांतून कळते. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो. त्याच दिवशी मुंबई-पुण्यात तो सुमारे ४८ अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या मध्यानंतर तर थेट डोक्यावर येतो. तिकडच्या खोलीला ऊन साठवायचे असते, आपल्याला ते टाळायचे असते. म्हणून जाड गाद्यांचे खोल सोफे, गडद रंगाचे लाकूड, लोकरी पांघरुणे हे तिकडे शोभते. ‘लॉइड लूम’ नावाच्या तिकडच्या प्रसिद्ध खुर्च्या तर चक्क पिळलेल्या कागदाच्या विणीच्या असतात. अमेरिकेत मार्शल बर्न्स लॉइड यांनी १९१७ मध्ये या विणीचे पेटंट घेतले आणि पुढे ब्रिटनमधल्या काचेच्या खोल्यांत त्या घरोघर पोहोचल्या. दापोलीच्या जुलैत अशा खुर्चीचे काय होईल, याचा अंदाज कोकणातल्या कुणालाही बांधता येईल.

आपल्याकडे घर आणि ऊन यांच्यामधली जागा होती ती पडवी आणि ओसरी. ती उघडी असे, छप्पर पुढे उतरलेले असे आणि सामान मोजके : एखादे बाकडे, झोपाळा, आरामखुर्ची, गुंडाळून ठेवता येईल अशी चटई. गोव्यातल्या जुन्या घरांच्या ‘बाल्कांव’मध्ये बसायची आसने तर दगड-चुन्यात बांधलेलीच असतात आणि अनेक खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे असतात, त्यांतून उजेड येतो, पण झळ कमी येते. काचबंद गॅलरीत हे छप्परही नाही आणि ते शिंपलेही नाहीत.

काचेच्या आत नेमके काय होते?

उन्हातला दृश्य प्रकाश आणि त्याला लागून असलेली उष्णता काचेतून सहज आत येते. आतली फरशी, खुर्च्या, भिंत तापतात. त्यांनी बाहेर टाकलेली उष्णता मात्र काच तशी बाहेर जाऊ देत नाही आणि तापलेली हवाही बंद काचांमुळे अडकून राहते. दुपारी उभ्या केलेल्या बंद मोटारीत हेच घडते. त्यामुळे गॅलरीतल्या वस्तूंना खोलीतल्या नव्हे, बाहेरच्याही नव्हे, तर त्याहून अधिक तापमानाला तोंड द्यावे लागते.

दुसरा मुद्दा रंग उडण्याचा. साधी काच अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारा भाग बराचसा अडवते, पण ‘यूव्ही-ए’ हा भाग मोठ्या प्रमाणात आत सोडते. कापड विटवण्यात आणि प्लास्टिक ठिसूळ करण्यात त्याचा वाटा मोठा असतो. दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा दाबलेली लॅमिनेटेड काच जवळपास सर्व अतिनील किरणे रोखते. तरीही रंग विटणे पूर्ण थांबत नाही, कारण दृश्य प्रकाश आणि उष्णता हेही त्यात सामील असतात. काच बसवण्याआधीच हा विचार झाला तर फर्निचरवरचा खर्च वाचतो. पण बहुतेक घरांत काचा बिल्डर किंवा आधीचा मालक बसवून गेलेला असतो.

तिसरी गोष्ट दमटपणा. जून ते सप्टेंबर काचा बंद राहतात, आत कपडे वाळत असतात, कुंड्यांना पाणी घातलेले असते. हवा खेळत नाही आणि भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे बुरशी धरते. फर्निचर भिंतीपासून चार बोटे पुढे आणि पायांवर उचललेले असावे, हा साधा उपाय यावर बराच लागू पडतो.

गॅलरीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, यावरून या तिन्हींपैकी मोठा शत्रू कोण ते ठरते. पश्चिमेच्या गॅलरीत मार्च ते मे दुपारी तीननंतर तिरपे ऊन वरच्या स्लॅबखालून थेट आत शिरते. तिथे कापड आणि रंग सर्वाधिक भाजतात. दक्षिणेची गॅलरी फसवी. भर उन्हाळ्यात दुपारी तिथे थेट ऊन जवळपास नसते, पण डिसेंबर-जानेवारीत ते पार आतल्या भिंतीपर्यंत पोहोचते. उत्तरेच्या गॅलरीत ऊन कमी, म्हणून पावसाळ्यात ओल टिकण्याचा त्रास जास्त. खरेदीला जाण्याआधी एका रविवारी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन फरशीवर कुठवर येते ते खडूने आखून ठेवले, तर दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा ती रेघ अधिक खरी ठरते.

लाकूड घ्यावे की प्लाय?

सर्वाधिक फसगत इथे होते. ऑनलाइन मिळणारी स्वस्त बाके आणि कपाटे बहुधा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची असतात. दोन्ही लाकडाच्या भुशापासून वा तंतूंपासून गोंदाने दाबून बनवलेली. वरचा सनमायका शाबूत असतो, पण कडेच्या पट्टीतून किंवा स्क्रूच्या भोकातून ओल शिरली की आतला भुसा फुगतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. गॅलरीसाठी हा पर्याय सोडूनच द्यावा.

प्लायवूडमध्येही नावांचा घोळ आहे. ‘एमआर’ म्हणजे ओलाव्याला काही प्रमाणात तोंड देणारे. ते जलरोधक नव्हे. बाजारात त्यालाच ‘कमर्शियल प्लाय’ म्हणतात. काचबंद गॅलरीत काही बनवून घ्यायचे तर ‘आयएस ७१०’ हा मानक क्रमांक छापलेले मरीन प्लाय मागावे आणि तो शिक्का सुताराने कापण्याआधी स्वतः पाहावा. उघड्या कडा बंद करणे हे प्लायच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे.

भरीव लाकडाचे गणित वेगळे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. त्याबरोबर ते फुगते आणि आकसते. ही हालचाल लांबीत नगण्य असते, रुंदीत होते. म्हणून एकसंध रुंद फळीचे टेबल उन्हाळ्यात तडकते, तर मध्ये फट ठेवून जोडलेल्या पट्ट्यांचे टेबल वर्षानुवर्षे तग धरते. नागपुरात, जिथे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि ऑगस्टमध्ये दमट असते, तिथे हा फरक मुंबईपेक्षाही जास्त जाणवतो. सागवान या बाबतीत उजवे मानले जाते ते त्याच्या नैसर्गिक तेलामुळे आणि कमी हालचालीमुळे. मात्र हे गुण झाडाच्या आतल्या गाभ्याचे आहेत, बाहेरच्या पांढुरक्या लाकडाचे नाहीत. ‘सागाचे आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नये. खालची बाजू उलटून पांढरे पट्टे दिसतात का ते पाहावे.

जुना वाड्यातला पाट, आजोबांची आरामखुर्ची गॅलरीत ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. अशा वस्तूंवर बहुधा लाखेचे जुने पॉलिश असते. ते उष्णतेने मऊ होते आणि ओलाव्याने त्यावर पांढरे डाग पडतात. ठेवायचीच असेल तर आतल्या भिंतीकडे, ऊन येणार नाही अशा जागी.

वेत आणि बांबू : दिसायला सारखे, पण वेगळे

दुकानात दोन्ही एकाच ओळीत मांडलेले असतात. बांबू पोकळ असतो, वेत भरीव. बांबू गवताच्या कुळातला, वेत ताडाच्या कुळातल्या वेलीचा. वेताला वाफ देऊन हवे तसे वाकवता येते, म्हणून गोलाईदार खुर्च्या वेताच्या असतात. काचेआडच्या कोरड्या उष्णतेत वेताची वीण आकसते आणि कुरकुरू लागते. उन्हाळ्यात अधूनमधून ओल्या फडक्याने पुसले तर ती लवचीक राहते. पावसाळ्यात उलट काळजी : ओली खुर्ची काचा बंद करून तशीच ठेवली की विणीच्या सांध्यांत काळी बुरशी.

बांबूचा खरा शत्रू भुंगा. बांबूतल्या पिठूळ अंशावर तो जगतो. खुर्चीखाली पिवळट पावडरीचे लहान ढीग दिसू लागले की आत काम सुरू झाले आहे असे समजावे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू हा त्रास बराच टाळतो. त्यामुळे विक्रेत्याला ‘पॉलिश कोणते’ यापेक्षा ‘बांबू प्रक्रिया केलेला आहे का’ हे आधी विचारावे. महाराष्ट्रात या कामाची केंद्रे आहेत. सिंधुदुर्गात कुडाळला कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर आहे, तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हापासून शेतातला बांबू तोडणे आणि नेणे शेतकऱ्यांसाठी सोपे झाले आहे. आयात केलेल्या वेताच्या सोफ्यापेक्षा प्रक्रिया केलेल्या माणगा बांबूचे साधे बाक गॅलरीत अधिक शहाणपणाचे, असे म्हणायला जागा आहे.

‘आउटडोअर विकर’ म्हणून विकले जाते ते वेत नव्हे, प्लास्टिक. त्यात पॉलिथिलीनची वीण पीव्हीसीपेक्षा जास्त टिकते. पीव्हीसी उन्हात कडक होऊन तडकते. आत सांगाडा कशाचा आहे हे विचारायला विसरू नये. बाहेरची वीण नवी आणि आतला लोखंडी नळ गंजलेला, अशी स्थिती किनारपट्टीवर नेहमीची आहे.

धातू आणि प्लास्टिक

ओतीव लोखंडाची नक्षीदार खुर्ची समुद्राजवळ घेऊ नये. पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियम हलके, न गंजणारे आणि गॅलरीला साजेसे. त्यात खोट असते ती स्क्रूंची. ॲल्युमिनियमला साधे लोखंडी स्क्रू मारले की खाऱ्या, दमट हवेत सांधा आधी खराब होतो. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ पेक्षा ३१६ हा प्रकार खाऱ्या हवेला जास्त पुरतो. धातूच्या हातांवर थेट ऊन येत असेल तर दुपारी ते हात लावण्याजोगे राहत नाहीत, विशेषतः गडद रंगाचे. प्लास्टिकच्या खुर्चीवरून हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, तर ऊन तिला आतून खाऊ लागले आहे. तिच्यावर उभे राहून जळमटे काढू नयेत.

गादी किती जाड असावी?

शक्य तितकी पातळ. जाड फोमच्या उशा आतून ओल धरतात आणि त्यांचा कुबट वास काढता येत नाही. अभ्रा चेनचा, मशीनमध्ये धुता येणारा असावा. रंगवून छापलेल्या सुती कापडापेक्षा धागा बनतानाच रंग मिसळलेले ॲक्रिलिक कापड उन्हाला अधिक काळ पुरते, मात्र ते महाग. दुसरा मार्ग घरातलाच आहे. लाकडी किंवा बांबूच्या बाकावर सतरंजी, गोधडी किंवा सोलापुरी चादर चौघडी करून टाकावी. ती विटली तरी दुःख नाही, धुता येते, पावसाळ्यात उचलून कपाटात ठेवता येते.

कठड्याजवळ काय ठेवू नये?

फर्निचरच्या जाहिरातीत हा प्रश्न कधीच नसतो, म्हणून तो सविस्तर. गॅलरीच्या कठड्याची उंची फरशीपासून मोजलेली असते. समजा कठडा १.१ मीटरचा आहे आणि त्याला लागून ४५ सेंटीमीटर उंचीचे बाक ठेवले. बाकावर उभ्या राहिलेल्या मुलासाठी तो कठडा ६५ सेंटीमीटरचाच उरतो. सव्वा वर्षाचे मूल स्टुलावर चढू शकते, तीन वर्षांचे मूल खुर्ची ओढत नेऊ शकते. काचा बंद आहेत म्हणून निर्धास्त राहणे चूक. सरकती काच उघडायला मुलांना फारसा जोर लागत नाही, आणि हवेसाठी ती उघडी ठेवण्याचीच रीत आहे. काचबंद झाल्यावर गॅलरी ‘बाहेर’ वाटत नाही, म्हणून घरातले लक्षही कमी होते.

सोशल मीडियावर लोकप्रिय असलेले ‘खिडकीलगतचे बाक, खाली साठवणीचा कप्पा’ हे नेमके कठड्याच्या कडेने केलेले असते. लहान मुले असलेल्या घरात ते करू नये. बसण्याची सोय घराच्या भिंतीकडे असावी, पाठ भिंतीला आणि तोंड बाहेर. कठड्याजवळ स्टूल, उलटी बादली, मोठी कुंडी, मोढा, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा यांपैकी काहीही नको. हलके फर्निचर हा इतर बाबतीत गुण असला तरी इथे तोच दोष ठरतो, कारण ते मुलांना ढकलता येते. ग्रिल असेल तर आडव्या सळ्यांची नको, त्या शिडीसारख्या असतात. ग्रिलमध्ये आग लागल्यास उघडता येईल असा भाग असावा आणि त्याच्यासमोर कपाट उभे करू नये.

स्लॅबला किती वजन पेलते?

इमारतींवरील भारासाठीच्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन आणि बाल्कनीसाठी ३ किलोन्यूटन भार धरला आहे. म्हणजे साधारण २०० आणि ३०० किलो. ऐकायला हे भरपूर वाटते. पण काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो असते. तीन मीटर लांब, दोन मीटर उंच अशी ५ मिलिमीटरची काच ७५ किलोंची होते, तेही चौकटीशिवाय आणि अगदी बाहेरच्या टोकाला. एक मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि तितकीच खोल कुंडी ओल्या मातीने भरली की सुमारे दीडशे किलोंची. पुढे झुकलेल्या स्लॅबवर टोकाकडचे वजन सर्वाधिक ताण देते. म्हणून जड वस्तू आतल्या भिंतीकडे, हा नियम मुलांच्या सुरक्षेशीही जुळतो. जुन्या इमारतीत सळ्या गंजल्या असतील, स्लॅबखाली पोपडे सुटत असतील, तर हे आकडे धरूच नयेत.

झोपाळ्याचा मोह मोठा. गॅलरीत टांगायचा तर तो वरच्या मजल्याच्या गॅलरीच्या स्लॅबला टांगला जातो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्थिर बसलेल्या माणसाचे वजन कडीवर जेवढे असते, तेवढेच झोका घेताना राहत नाही. झोका दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंत गेला तर सर्वांत खालच्या बिंदूला कडीवरचा ताण वजनाच्या दुप्पट होतो. भोक पाडताना सळी दुखावली किंवा पाणी मुरायला वाट मिळाली, तर भांडण शेजाऱ्यांशी आणि जोखीम दोघांची. झोपाळा हवाच असेल तर संरचना अभियंत्याचा सल्ला घेऊन दिवाणखान्यातल्या तुळईला, किंवा मग स्टँडचा. त्याचा पाया रुंद असावा आणि झोका कठड्याला समांतर जावा.

चार फुटांत काय बसते?

शहरातल्या अनेक गॅलऱ्या जेमतेम चार फूट, म्हणजे १२० सेंटीमीटर रुंद असतात. नेहमीच्या सोफ्याची खोली ८० ते ९० सेंटीमीटर. तो लांबीने लावला की पुढे चालायला फूटभरच जागा उरते आणि माणूस गुडघे चुकवत कपडे वाळत घालायला जातो. ४५ सेंटीमीटर खोलीचे बाक किंवा दोन घडीच्या खुर्च्या आणि एक लहान टेबल घेतले, तर जाण्या-येण्याची वाट मोकळी राहते. खरेदीआधी वस्तूच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद फरशीवर अंथरून सरकते दार उघडते का, वॉशिंग मशीनचे झाकण उघडते का, कपडे वाळत घालायचे स्टँड उभे राहते का, हे पाहून घ्यावे. तुळशीची कुंडी जिथे ऊन मिळते तिथेच राहू द्यावी लागते. बाकीचे फर्निचर तिच्याभोवती मांडता येते. गॅलरी काचबंद करण्यासाठी सोसायटीची आणि स्थानिक नियमांनुसार महापालिकेची परवानगी लागते का, ही चौकशी सुताराला बयाणा देण्याआधीची. परवानगी नसलेल्या काचा काढायची नोटीस आली, तर मापाने बनवून घेतलेले बाक दुसऱ्या कुठल्या खोलीत सहसा बसत नाही.